एक कॉन्फिग, अनेक पॅकेजेस: बंडल झालेल्या कोडमध्ये सेटिंग सगळ्यांपर्यंत कसं पोचवायचं

एका वेब ॲपसाठी जावास्क्रिप्टची तीन पॅकेजेस आहेत असं धरून चालू. पहिलं सर्व्हरशी बोलतं, दुसरं तारखा आणि आकडे नीट मांडतं, तिसऱ्यात बटणं आणि फॉर्म आहेत. तिघांनाही एपीआयचा पत्ता, भाषा आणि डीबग चालू आहे की बंद, एवढंच कळायला हवं. मग साहजिकच वाटतं, चौथं एक छोटं कॉन्फिग पॅकेज करून टाकू. त्यात एक व्हेरिएबल आणि सेटकॉन्फिग, गेटकॉन्फिग अशी दोन फंक्शनं. ॲप सुरू होताना सेटकॉन्फिग चालवेल, बाकीचे तिघे गेटकॉन्फिगला विचारतील.

लिहायला दहा मिनिटं लागतात. आणि मग ॲपमध्ये सेट केलेला पत्ता फॉर्मच्या पॅकेजला दिसतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. गेटकॉन्फिग निमूटपणे डीफॉल्ट व्हॅल्यू देत राहतं.

नवीन माणूस इथे सेटकॉन्फिगमध्ये चूक शोधत बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. फंक्शन अगदी बरोबर असतं. फक्त ॲपने ज्या कॉन्फिगमध्ये लिहिलं आणि फॉर्मने ज्यातून वाचलं, त्या एकाच कोडच्या दोन वेगळ्या प्रती असतात.

आपण सगळे शिकलेलो असतो की मॉड्यूल एकदाच चालतं आणि नंतर कितीही ठिकाणी इम्पोर्ट केलं तरी तेच मिळतं. ते खरं आहे, पण त्याला एक अट आहे: मॉड्यूल ‘तेच’ असलं पाहिजे. फाइलचा पत्ता तोच, बंडल तेच. फॉर्मचं पॅकेज पब्लिश करताना बंडलरने (अनेक फाइल्सचा कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाने) कॉन्फिगचा कोड त्याच्या पोटात घातला असेल, तर तो आता फॉर्मच्या फाइलचा भाग झाला. मूळ कॉन्फिगशी त्याचं नातं तुटलं. म्हणून सेटिंग कसं वाटायचं याच्या आधी प्रती किती आहेत ते मोजायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या मोजणीवरच उभ्या आहेत.

पायरी १: प्रती मोजा

कॉन्फिग पॅकेजच्या मुख्य फाइलमध्ये, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, कन्सोल लॉगची एक ओळ टाका. तिच्यात ‘कॉन्फिग लोड झालं’ हे शब्द आणि मॅथ रँडममधून आलेला एक आकडा छापा. सगळी पॅकेजेस पुन्हा बिल्ड करा, ॲप चालवा, कन्सोल उघडा.

एकच ओळ आली तर प्रत एक आहे, तुमचा घोटाळा क्रमाचा असणार. थेट पायरी ६ वर जा. दोन किंवा तीन ओळी आल्या, प्रत्येकीत वेगळा आकडा, तर तितक्या प्रती पानावर आहेत. लॉगच्या उजव्या बाजूला ब्राउझर फाइलचं नाव दाखवतो. त्यावर क्लिक केलं की कुठली प्रत कुणाच्या पोटात आहे तेही कळतं. मला हा उपाय कुठल्याही प्लगइनपेक्षा आवडतो, कारण तो खोटं बोलत नाही.

प्रती होण्याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात मोठं वर सांगितलं तेच: पॅकेजने कॉन्फिग आपल्यातच बंडल केलं. दुसरं व्हर्जनचं. एका पॅकेजला कॉन्फिगचं व्हर्जन १ हवं, दुसऱ्याला २, मग एनपीएम, म्हणजे पॅकेजेस उतरवणारं साधन, दोन्ही उतरवतं आणि एक नोड मॉड्यूल्स या फोल्डरच्या आत दडलेल्या आणखी एका नोड मॉड्यूल्समध्ये ठेवतं. तिसरं जरा छुपं आहे: तेच पॅकेज कुणी इम्पोर्टने घेतलं, कुणी जुन्या रिक्वायरने, आणि पॅकेजमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या फाइल्स आहेत. व्हर्जन एकच, फोल्डर एकच, तरी प्रती दोन. चौथं कारण एनपीएम लिंक. लोकल फोल्डर जोडलं की त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं नोड मॉड्यूल्सही येतं.

हा त्रास फक्त कॉन्फिगचा नाही. रिॲक्टमध्ये हुक्स चुकीच्या जागी वापरले अशी एरर येते आणि आपले हुक्स तर बरोबर असतात, तेव्हा पुष्कळदा पानावर रिॲक्टच्या दोन प्रती असतात. थ्री डॉट जेएस तर स्वतःच्या एकाहून जास्त प्रती दिसल्या की कन्सोलमध्ये तसं लिहूनच टाकतं.

पायरी २: सेटिंगची जात ओळखा

काही सेटिंग्ज बिल्ड करतानाच माहीत असतात आणि नंतर बदलत नाहीत. उदाहरणार्थ हे डेव्हलपमेंटचं बिल्ड आहे की प्रॉडक्शनचं. अशा व्हॅल्यू वेबपॅक या बंडलरमध्ये डिफाइन प्लगइनने देतात. वीटमध्ये इम्पोर्ट मेटा एन्व्हमधून वाचतात, आणि तिथे ब्राउझरपर्यंत पोचणाऱ्या व्हेरिएबलचं नाव ठरलेल्या उपसर्गाने सुरू व्हावं लागतं. (या बंडलरचा उच्चार खरोखरच ‘वीट’ असा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जलद. आपल्याला मात्र भिंतच आठवते.)

यात काय होतं ते नीट समजून घ्या. डिफाइन प्लगइन कुठलंही व्हेरिएबल बनवत नाही, तो कोडमधला शब्द खोडून तिथे व्हॅल्यू लिहितो. म्हणूनच स्ट्रिंग देताना ती जेसन स्ट्रिंगिफायमधून काढून द्यायची. नाहीतर अवतरण चिन्हांविना नुसता शब्द कोडमध्ये पडतो आणि ब्राउझर त्या नावाचं व्हेरिएबल शोधत बसतो. शिवाय आधीच बिल्ड होऊन पब्लिश झालेल्या पॅकेजमध्ये तो शब्द तेव्हाच बदलून गेला असेल, तर तुमच्या ॲपचं सेटिंग त्याला शिवतही नाही.

एपीआयचा पत्ता, भाषा, डीबग ही दुसऱ्या जातीची. ती ॲप चालताना ठरलेली बरी, म्हणजे एकच बिल्ड चाचणीच्या सर्व्हरवरही चालतं आणि खऱ्या सर्व्हरवरही. त्यासाठी एचटीएमएलमध्ये जेसन प्रकारचा एक स्क्रिप्ट टॅग ठेवायचा आणि ॲपने सुरुवातीला तो वाचून पार्स करायचा. सर्व्हर हा टॅग भरत असेल तर व्हॅल्यूमधलं ‘<’ चिन्ह एस्केप करा, नाहीतर एखाद्या व्हॅल्यूतच स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला की पान फुटतं.

गुप्त की, पासवर्ड यांची तिसरी जात, आणि ती इथे यायलाच नको. ब्राउझरपर्यंत गेलेलं बंडल कुणीही उघडून वाचू शकतं.

पायरी ३: ग्लोबल हवंच का, हे एकदा विचारा

सर्व्हरशी बोलणारं पॅकेज ॲपमध्ये एकाच ठिकाणी सुरू होत असेल, तर त्याला क्रिएटक्लायंट असं फंक्शन द्या आणि पत्ता आर्ग्युमेंट म्हणून सरळ हातात ठेवा. मग प्रती दहा असोत, काही बिघडत नाही. टेस्ट लिहायला सोपं, आणि उद्या दोन वेगळ्या सर्व्हरशी बोलायचं झालं तर दोन क्लायंट बनवता येतात.

माझा अनुभव असा, की ‘ग्लोबल’ म्हणून आणलेल्या सेटिंग्जपैकी बऱ्याचशा अशा हातात देता येतात. उरतात त्या भाषा, थीम, डीबगसारख्या, ज्या शंभर ठिकाणी लागतात आणि प्रत्येक फंक्शनमधून पुढे ढकलत नेणं जिवावर येतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पायरी ४: प्रत एकच ठेवा

इथे दोन बाजूंनी काम करावं लागतं. एकच बाजू केली तर काम अर्धवट राहतं, आणि बहुतेक लोक एकच करतात.

पहिली बाजू पॅकेजच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये. कॉन्फिगचं नाव डिपेंडन्सीजमधून काढून पीअर डिपेंडन्सीजमध्ये टाका. याचा अर्थ, ‘मला हे लागतं, पण मी माझं वेगळं आणणार नाही, ज्या ॲपमध्ये मी राहीन त्याचंच वापरीन.’ पॅकेजच्या स्वतःच्या टेस्ट चालायला हव्यात म्हणून तेच नाव डेव्ह डिपेंडन्सीजमध्येही ठेवा. एनपीएम ७ पासून, म्हणजे २०२० नंतर, पीअर डिपेंडन्सी आपोआप इन्स्टॉल होते आणि व्हर्जन जुळत नसतील तर इन्स्टॉल तिथेच अडतं. त्याआधी ३ ते ६ पर्यंतची व्हर्जन्स फक्त वॉर्निंग देऊन सोडून द्यायची. त्या अडण्यावर लोक चिडतात आणि सक्तीचा फ्लॅग लावून पुढे जातात. चिडू नका. आत्ता दिसलेली एरर ही नंतर न दिसणाऱ्या दोन प्रतींपेक्षा परवडली.

दुसरी बाजू बंडलरची. पीअर डिपेंडन्सी लिहिली म्हणून बंडलर कॉन्फिगचा कोड आत घ्यायचं थांबवेलच असं नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं: वेबपॅकमध्ये एक्सटर्नल्स, रोलअप आणि ईएसबिल्डमध्ये एक्सटर्नल. वीटच्या लायब्ररी मोडमध्ये हेच रोलअपच्या ऑप्शन्समधून द्यायचं. मग बिल्ड झालेल्या फाइलमध्ये कॉन्फिगचा कोड न येता फक्त त्याची इम्पोर्टची ओळ राहते, आणि शेवटी ॲपचा बंडलर सगळ्यांच्या त्या ओळी एकाच फाइलकडे वळवतो.

रोलअपचा एक बारकावा लक्षात ठेवा. एक्सटर्नलमध्ये दिलेली स्ट्रिंग तो शब्दशः जुळवतो. तुम्ही नुसतं ‘कॉन्फिग’ लिहिलं आणि कोडमध्ये कुठे ‘कॉन्फिग’च्या पोटातली फाइल स्लॅश देऊन इम्पोर्ट केली असेल, तर ती जुळत नाही आणि गुपचूप आत बंडल होते. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन द्या. ईएसबिल्ड मात्र पॅकेजचं नाव दिलं की पोटातल्या वाटाही बाहेर ठेवतो.

व्हर्जनबद्दलही एक. कॉन्फिग पॅकेज शून्यावर फार काळ ठेवू नका. कॅरेट चिन्ह (^) लावलेली ०.२.० ही रेंज ०.३.० ला चालत नाही, तर १.२.० ही रेंज १.३.० ला चालते. म्हणजे शून्याच्या घरात मधला आकडा वाढवणारी प्रत्येक सुधारणा नवी प्रत उतरवायचं निमित्त ठरते. जी गोष्ट एकच असावी असं वाटतं तिला लवकर १.०.० करा आणि मग तिच्यात फार हात घालू नका.

आता ॲपमध्ये या. एनपीएम एलएस आणि पुढे पॅकेजचं नाव ही कमांड चालवली की कुणी कुठलं व्हर्जन आणलंय त्याचं झाड दिसतं. दोन व्हर्जन्स दिसली तर आधी रेंज जुळवा, मग एनपीएम डीड्यूप चालवा. तरीही लिंकमुळे किंवा दुसऱ्याच्या पॅकेजमुळे प्रत उरत असेल तर वीटमध्ये रिझॉल्व्हखाली डीड्यूपची यादी आहे, वेबपॅकमध्ये एलियास वापरून त्या नावाचा एकच पत्ता पक्का करता येतो.

पायरी ५: प्रती टाळताच येत नसतील तर

काही वेळा दुसऱ्याचं पॅकेज तुमच्या हातात नसतं, किंवा पानावर दोन वेगवेगळ्या टीमची दोन स्वतंत्र बंडल्स स्क्रिप्ट टॅगने येतात. मग प्रती राहू देत, पण सगळ्यांनी व्हॅल्यू एकाच पेटीत ठेवावी. ती पेटी म्हणजे ग्लोबलधिस, पानावरच्या सगळ्या कोडला दिसणारं ऑब्जेक्ट. विंडो नको, कारण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आणि वर्करमध्ये विंडो नसतं. ग्लोबलधिस २०२० च्या जावास्क्रिप्टपासून सगळीकडे आहे.

पेटीला नाव देताना साधी स्ट्रिंग वापरली तर कुणाशी तरी धडक होण्याची भीती. म्हणून सिम्बॉल घ्या, पण नुसता सिम्बॉल नव्हे, सिम्बॉल डॉट फॉर. नुसता सिम्बॉल प्रत्येक वेळी नवा जन्मतो, म्हणजे दोन प्रतींकडे दोन वेगळ्या किल्ल्या येतील आणि आपण पुन्हा होतो तिथेच. सिम्बॉल डॉट फॉरला तेच नाव दिलं की कुठल्याही प्रतीतून तीच किल्ली मिळते. कोड असा चालतो: किल्ली घ्या, ग्लोबलधिसवर त्या किल्लीची पेटी आहे का पाहा, असेल तर तीच वापरा, नसेल तर रिकामं ऑब्जेक्ट बनवून तिथे ठेवा. गेटकॉन्फिग आणि सेटकॉन्फिग दोघंही इथूनच वाचतात आणि इथेच लिहितात. फाइलमधलं व्हेरिएबल काढून टाका, ते राहिलं तर कुणीतरी चुकून वापरणारच.

ही युक्ती बाजारात नीट मुरलेली आहे. ॲपच्या कामाच्या नोंदी गोळा करणाऱ्या ओपनटेलिमेट्रीचं जावास्क्रिप्ट एपीआय असंच काम करतं, आणि त्यांच्या किल्लीच्या नावात मेजर व्हर्जनचा आकडाही असतो. तो आकडा तुम्हीही घाला. उद्या पेटीतल्या मालाचा आकार बदलला तर नवी प्रत नवी पेटी उघडेल. जुनी आणि नवी एकाच पेटीत हात घालून एकमेकींचं सामान मोडणार नाहीत.

पेटीत साधा डेटा ठेवा. क्लासचे इन्स्टन्स ठेवलेत तर दुसऱ्या प्रतीत इन्स्टन्सऑफ तपासलं की उत्तर ‘नाही’ येईल, कारण तिच्याकडचा क्लास वेगळा आहे. आणि ऑब्जेक्ट फ्रीझ वापरत असाल तर ते फक्त वरच्या थरापुरतं असतं. आतलं ऑब्जेक्ट कुणीही बदलू शकतं.

या पेटीलाही कुंपण आहे. आयफ्रेम आणि वेब वर्कर यांचं ग्लोबलधिस वेगळं. वर्करला कॉन्फिग पोस्टमेसेजने पाठवावं लागतं, आणि त्यात फंक्शन असेल तर पाठवतानाच एरर येते.

पायरी ६: क्रम

प्रत एक झाली, तरी व्हॅल्यू अनडिफाइन्ड? मग बहुतेक हे झालं असेल. मुख्य फाइलमध्ये तुम्ही पहिल्या ओळीवर कॉन्फिग इम्पोर्ट केलं, दुसऱ्या ओळीवर सेटकॉन्फिग चालवलं, तिसऱ्या ओळीवर फॉर्मचं पॅकेज इम्पोर्ट केलं. वाचताना वाटतं, सेट आधी झालं. पण इम्पोर्ट ओळी फाइलमध्ये कुठेही लिहा, त्या सगळ्या आधी चालतात आणि मग फाइलचा बाकीचा कोड. म्हणजे फॉर्मचं पॅकेज तुमच्या सेटकॉन्फिगच्या आधीच चालून गेलेलं असतं.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. एक, सेटकॉन्फिगची ओळ वेगळ्या फाइलमध्ये न्या, तिला ‘सेटअप’ म्हणा आणि मुख्य फाइलमध्ये तिचं इम्पोर्ट सगळ्यात वर ठेवा. इम्पोर्ट लिहिलेल्या क्रमाने चालतात, त्यामुळे तीच आधी चालेल. फॉर्मॅटर इम्पोर्ट्सची अकारविल्हे मांडणी करत असेल तर तेवढी ओळ त्यातून वगळा. दुसरा उपाय जास्त भक्कम: पॅकेजच्या कोडमध्ये गेटकॉन्फिग फाइलच्या वरच्या पातळीवर कधीच बोलवू नका. ते फंक्शनच्या आत, खरी गरज पडेल त्या क्षणी बोलवा. वर एकदा वाचून कॉन्स्टमध्ये साठवलेली भाषा ही लोड होतानाची भाषा असते, नंतर वापरकर्त्याने बदललेली नव्हे.

आणि माझी स्वतःची फजिती. एका कामात सेटअपची फाइल आम्ही आमच्याच एका पॅकेजमध्ये ठेवली होती. डेव्ह सर्व्हरवर सगळं झकास. प्रॉडक्शन बिल्डमध्ये कॉन्फिग रिकामं. अर्धा दिवस गेल्यावर सापडलं, की त्या पॅकेजच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये कुणीतरी बंडल हलकं व्हावं म्हणून साइडइफेक्ट्स फॉल्स लिहिलं होतं, आणि ते ‘कुणीतरी’ मीच होतो. तो फ्लॅग बंडलरला सांगतो, की या पॅकेजमधल्या ज्या फाइलमधून कुणी काही घेत नाही ती खुशाल टाकून दे. सेटअपच्या फाइलमधून कुणी काहीच घेत नाही, ती फक्त चालायला हवी असते. बंडलरने सांगितल्याप्रमाणे ती उचलून फेकली. उपाय एका ओळीचा: फॉल्सच्या जागी यादी द्या आणि तिच्यात सेटअपच्या फाइलचं नाव टाका.

पायरी ७: एका पानावर अनेक बंडल्स असतील तर

वेबपॅकमध्ये दोन एंट्री पॉइंट एकाच पानावर लोड करत असाल तर रनटाइमचंक हे ऑप्शन सिंगल करा. नाहीतर प्रत्येक एंट्रीचा रनटाइम, म्हणजे मॉड्यूल्स लोड करणारा कोड, वेगळा राहतो आणि सामायिक मॉड्यूलही दोनदा सुरू होतं, मग कोडची फाइल एकच का असेना. स्वतंत्रपणे डिप्लॉय होणाऱ्या तुकड्यांसाठी वेबपॅक ५ मध्ये मॉड्यूल फेडरेशन आहे. तिथे शेअर्डच्या यादीत कॉन्फिगचं नाव टाकून सिंगलटन ट्रू करायचं.

बंडलरच्या बाहेर राहायचं असेल तर इम्पोर्ट मॅप वापरा, म्हणजे कुठल्या नावाला कुठला यूआरएल हे ब्राउझरला सांगणारी पानावरची यादी. क्रोममध्ये तो २०२१ पासून आहे, सफारीत २०२३ पासून. त्यात ब्राउझर मॉड्यूल ओळखतो ते पूर्ण यूआरएलवरून. कॅशे मोडायला कुणी एका ठिकाणी यूआरएलच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि व्हर्जन लावलं, तर ब्राउझरच्या लेखी ते दुसरं मॉड्यूल.

पायरी ८: सर्व्हरवर तोच कोड चालत असेल तर थांबा

ब्राउझरमध्ये एक टॅब म्हणजे एक माणूस. सर्व्हरवर नोडची एक प्रोसेस शेकडो जणांच्या रिक्वेस्ट हाताळते. तिथे ग्लोबल पेटीत ‘भाषा: मराठी’ लिहिलं, तर मधल्या अवेटवर दुसऱ्याची रिक्वेस्ट येऊन ती इंग्रजी करून जाते, आणि पहिल्या माणसाला अर्धं पान एका भाषेत, अर्धं दुसऱ्या. ही चूक एकट्याने टेस्ट करताना कधीच दिसत नाही, गर्दी झाली की दिसते.

म्हणून सर्व्हरवर ग्लोबलमध्ये फक्त सगळ्यांना समान असलेल्या गोष्टी: एपीआयचा पत्ता, डीबग. माणसागणिक बदलणारं काहीही कॉन्टेक्स्टमधून द्या किंवा नोडच्या एसिंकलोकलस्टोरेजमध्ये ठेवा. ते प्रत्येक रिक्वेस्टचा कप्पा वेगळा सांभाळतं, अवेटच्या पलीकडेही.

पायरी ९: पाठवण्याआधीची तपासणी

पायरी १ मधला लॉग काढून टाका, पण त्या फाइलमध्ये एखादी ओळखू येणारी स्ट्रिंग राहू द्या. सिम्बॉलच्या किल्लीचं नाव असेल तर तेच पुरे. कोड आटवून छोटा करणारा मिनिफायर व्हेरिएबलची नावं बदलतो, अशा स्ट्रिंगला मात्र हात लावत नाही. प्रॉडक्शन बिल्ड झालं की आउटपुट फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्समध्ये ती स्ट्रिंग शोधा आणि ती किती वेळा आली ते मोजा. सोर्स मॅपच्या फाइल्स (त्यांत मूळ कोडही असतो) या शोधातून वगळा, नाहीतर उगाच धसका बसेल. कोडमध्ये ती एकदाच लिहिलेली असेल तर बिल्डमध्येही एकदाच यायला हवी. हा शोध बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच जोडा, आणि आकडा एकाहून जास्त आला तर बिल्ड फेल करा. फेल झालंच, तर पायरी ४ मधली एक्सटर्नलची यादी उघडा. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी नवं पॅकेज जोडताना एक नाव लिहायचं राहिलेलं असतं.